उपवास आणि मेंदू

१६ तास निराहार राहून उरलेल्या ८ तासांत जेवणें उरकलीं, म्हणजे बुद्धि तल्लख होते, असें आमचे जुने विद्यार्थी हल्लीं आम्हांसच शिकवूं लागले आहेत. यांत तथ्य आहे, पण थोडें. मेंदूचें वजन देहाच्या सुमारें २ टक्के. खर्च मात्र २० टक्के. त्याचें नित्याचें इंधन रक्तांतील साखर. यकृतांतील सांठा बारा-एक तासांनीं आटूं लागला, कीं चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें होतात व मेंदू त्यांवरही निर्वाह करतो. दीर्घ उपोषणांत हें घडतें असें जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं दाखविलें. मुलांच्या हट्टी अपस्मारावर याच तत्त्वाचा आहार १९२१ पासून योजतात, व पुष्कळदा गुणही येतो. स्मरणशक्तीची गोष्ट निराळी. ती सुधारल्याचे दाखले बहुतेक उंदरांचे, आणि उंदरांचे पेपर आम्हीं कधीं तपासले नाहींत.

आपली एकादशी या हिशेबांत बसतच नाहीं. ‘उपवास’ म्हणजे जवळ राहणें. आपण मात्र खिचडीच्या जवळ राहतों! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर दुपारीं रताळीं. मग कीटोन व्हावे कोठून?

घरांतील मधुमेही आजी इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेऊन निर्जळी एकादशी करूं लागल्या, तर मात्र चेष्टा पुरे. औषध पोटांत आणि अन्न नाहीं, अशा वेळीं साखर एकाएकीं उतरते. घाम, कंप, असंबद्ध बोलणें, शेवटीं मूर्च्छा. शुद्धींत असतांनाच साखरपाणी पाजावें, आणि पुढील एकादशीपूर्वीं डॉक्टरांस विचारावें.