पारध्याचा करार कोणाशी?

नागरिकाने कायदा पाळावा आणि राज्याने त्याला जन्मावरून न जोखता कृतीवरून जोखावे, असा सामाजिक करार मानला जातो. हा करार पारधी समाजाशी कधी झाला? 1871 साली इंग्रजांनी संबंध जमातींना गुन्हेगार ठरविण्याचा कायदा केला. हजेरी व परवान्याने त्यांना जखडले. 26 जानेवारी 1950 रोजी घटनेच्या 14व्या कलमाने सर्वांस समान संरक्षण दिले. तो काळा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 पर्यंत जिवंत होता. पुढे 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव गेले, संशय राहिला. विमुक्तांना मनमानीने अटक करू नका, असे 2024 मध्येही सर्वोच्च न्यायालयास पोलिसांना बजवावे लागले.

‘आधी त्यांनी सुधारावे’ म्हणणारे कराराचा क्रमच उलटा करतात. ज्याला संरक्षण नाही, त्याच्याकडे निष्ठा कोणत्या तोंडाने मागावी?

रिसोडच्या कार्यकर्त्यांनो, चोरीची बोंब उठताच पहिली धाड पारधी बेड्यावर पडते. त्या वेळी तेथे उभे राहून अटकेचे कारण विचारा. 22व्या कलमाने दिलेला तो हक्क बेड्यापर्यंत पोहोचविणे, हे आपले काम आहे.