शागिर्दीला कागद हवा

अकोल्यातले मोटार गॅरेज असो की अमरावतीतले वेल्डिंगचे दुकान, उस्तादाच्या हाताखाली एखादा पोरगा असतोच. चार-पाच वर्षांत तो नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगतो. तरी मोहल्ल्यात त्याच्याबद्दल एकच वाक्य: ‘पढा नहीं, तो काम पे लगा दिया.’ हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवत, हे जुम्म्याच्या बयानात ऐकताना आपण माना डोलावतो. मुलीला वेल्डरचे स्थळ आले, की पहिला प्रश्न: ग्रॅज्युएट आहे का?

मी स्वतः बीएड. २०१२ मध्ये राज्यातली शिक्षकभरती जवळजवळ थांबली आणि पहिली अभियोग्यता चाचणी झाली २०१७ च्या डिसेंबरात. मधल्या काळात डीएड-बीएडवाले ट्यूशनच्या पैशांवर घर ओढत होते. त्यांना कुणी ‘पढा नहीं’ म्हटले नाही!

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५ ते ९ हजार ठरवले. परीक्षा पास झाली की देशभर चालणारे प्रमाणपत्र. एसटी, महावितरण, रेल्वे जाहिराती काढतात. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या फिरतात शेवटची तारीख उलटल्यावर.

‘हे तर स्वस्तात राबवून घेणे,’ असे म्हणणारे पूर्ण खोटे नाहीत. कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, नोकरीची हमी देत नाही. त्यावर जरूर भांडा. पण हेच लोक भाच्याला हातखर्चावर गॅरेजात ठेवतात, तिथे तर ना हमी, ना कागद. उस्तादाची इच्छा असली तरी उपयोग नाही: चारपेक्षा कमी माणसांचे दुकान या योजनेत बसत नाही. म्हणजे हुनर जिथे खरोखर शिकवला जातो, तेच दुकान कायद्याबाहेर. आपल्या पुढाऱ्यांच्या एखाद्या निवेदनात ही मागणी मी अजून वाचलेली नाही.

आणि जमातीचे गुणगौरव सोहळे? शाल फक्त ९० टक्केवाल्याला. ४८ टक्केवाला मागच्या खुर्च्या उचलतो. त्याच्यासाठी जून-जुलैत शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल लावा. आयटीआयचे आणि उमेदवारीचे अर्ज तिथेच भरून घ्या. ‘आस्थापना’, ‘विद्यावेतन’ या शब्दांपाशी उर्दू माध्यमाचा मुलगा अडतो. त्यांचे अर्थ सांगायला मी बसतो. इंटरनेटचा खर्च मात्र जमातीने करावा.