विचार पारखायला शिकवणे हे बडोद्याचे काम आहे

1. खचलेल्या माणसाला आपल्याकडे मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ‘एवढा विचार करू नकोस, सगळं ठीक होईल.’ सांगणाऱ्याची माया खरी असते. पण ‘माझ्याच्यानं आता काही होणार नाही’ हे ज्याच्या डोक्यात दिवसरात्र फिरते, त्याला ते सत्यच वाटत असते. विचार थांबवायला सांगून तो थांबत नाही. उलट ‘मला एवढंही जमत नाही’ ही नवी टोचणी लागते. विचार पारखण्याची रीत कुणीतरी शिकवावी लागते. ती शिकवणारी माणसे बडोद्याच्या प्रत्येक वस्तीत असावीत, अशी माझी मागणी आहे.

2. ही रीत गूढ नाही. 1960च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या लक्षात आले की, नैराश्यातल्या माणसाच्या मनात काही विचार आपोआप उमटतात आणि तो ते न तपासताच मान्य करतो. उदाहरणार्थ, साहेब आज बोलले नाहीत, म्हणजे नोकरी गेलीच. हा विचार कागदावर लिहायचा. पुरावा काय? दुसरे कारण असू शकते का? मग ते दुसरे कारण खरे धरून वागून पाहायचे. याचा लाभ शरीरालाही होतो. जुनाट निद्रानाशावर झोपेच्या गोळ्यांआधी याच पद्धतीचे उपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने 2016 मध्ये केली.

3. विचाराकडे जरा लांबून पाहणे बडोद्याला परके नाही. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, जानेवारी 1908च्या सुमारास, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने इथेच अरविंद घोष यांना शिकवले, की विचार बाहेरून येताना दिसतात, ते आत शिरण्याआधीच परतवायचे. तीन दिवसांत अरविंदांचे मन शांत झाले. तो शिष्य असामान्य होता आणि हेतू योगाचा होता, म्हणून आजारी माणसाला ‘ध्यानाला बस’ म्हणून एकटे सोडणे मला मान्य नाही. पण मी वेगळा आणि माझा विचार वेगळा, ही पहिली पायरी दोन्हीकडे तीच आहे.

4. शिकवणार कोण? तज्ज्ञ कमी आहेत, हे उत्तर आता पुरे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना ते सहा ते आठ वेळा भेटत. भर वागण्यावर होता: सोडून दिलेली कामे पुन्हा थोडी थोडी सुरू करायची, टाळलेल्या माणसांना भेटायचे, अडचण सोडवायला शिकायचे. मन आधी बदलेल आणि मग पाय उचलतील, अशी वाट पाहिली नाही. 495 रुग्णांवरच्या या अभ्यासात तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेल्यांचे प्रमाण या गटात 64 टक्के होते, तर नेहमीचे उपचार जरा सुधारून दिलेल्या गटात 39 टक्के. गोव्याच्या खेड्यात जे झाले, ते वाडीत, फतेहगंजात किंवा मकरपुऱ्यात का होऊ नये?

5. मात्र सगळे दुःख विचारांच्या माथी मारू नका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांची पावसाची धास्ती हा मनाचा दोष नाही. तिथे आधी नदीचा बंदोबस्त हवा. घरात मार खाणाऱ्या बाईला विचार बदलायला सांगणे तर क्रूरपणा आहे. आणि ज्याला औषधांची गरज आहे, त्याला कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात नेण्याची लाज कुणीही बाळगू नये.

6. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 नंतर गावोगाव वाचनालये उभी केली. तोच वारसा सांगणाऱ्या शहराकडे मागणे मोठे नाही. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात अशी दोन प्रशिक्षित माणसे, त्यांच्या कामावर देखरेख करणारा एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि बोलणे रुग्णाच्या भाषेत. दांडिया बाजारातल्या आजी ‘जीव घाबरतो’ म्हणतील, तर ते गुजरातीत भाषांतर करून सांगण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिलाच आहे. ही माणसे नेमली जाईपर्यंत 14416 हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक प्रत्येक वाचनालयाच्या, व्यायामशाळेच्या आणि गणेश मंडळाच्या फलकावर लिहिलेला असावा. त्यासाठी महापालिकेच्या ठरावाचीही गरज नाही.