बसमधल्या तारेवर एक बिट किती वेळ टिकतो?

भायखळ्यात हल्ली बेस्टच्या इलेक्ट्रिक बस सर्रास दिसतात. बातम्या येतात त्या रेंजच्या, एसीच्या, नाहीतर भाड्याच्या. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: आजच्या गाड्यांत बॅटरी, मोटर आणि डॅशबोर्ड एकमेकांशी बोलतात कसे? बहुतेकदा कॅन बसवरून. ही बस म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा. बॉशने हे तंत्र १९८६ मध्ये जगासमोर आणलं.

गंमत अशी, की या तारांसोबत घड्याळाची वेगळी तार नसते. प्रत्येक कंट्रोलर आपापल्या क्रिस्टलवर वेळ मोजतो, म्हणून गणित आधी जुळवावं लागतं. जड वाहनांच्या जे१९३९ पद्धतीत सेकंदाला २५० किलोबिट हा नेहमीचा वेग, म्हणजे एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. एमसीपी२५१५ चिपला ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तिचा सर्वांत छोटा ठोका ०.२५ मायक्रोसेकंदाचा. असे १६ ठोके झाले की एक बिट. तो ० आहे की १, हे १४ ठोके झाल्यावर, ८७.५ टक्क्यांवर बघायचं. एवढा उशीर का? दोन कंट्रोलर एकदम बोलायला लागले, तर सिग्नल दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला वेळ लागतो. उरलेले २ ठोके घड्याळं पुढेमागे झाली तर सावरून घ्यायला.

लिनक्समधलं सॉकेटकॅन हे वाटप स्वतः करतं. तुम्ही फक्त वेग सांगायचा. पण क्रिस्टल कितीचा आहे, हे त्याला कोणीतरी खरं सांगायला हवं ना! लॅमिंग्टन रोडवर मिळतात तसल्या स्वस्त मॉड्यूलवर अनेकदा ८चा क्रिस्टल असतो, आणि नेटवरचा तयार कोड १६चा धरून चालतो. मग तुम्ही ५०० सांगता आणि तारेवर २५० जातं. कोड बिनतक्रार कंपाइल होतो. माझ्या मते ही माहिती विकणाऱ्यांनीच ठळक छापायला हवी.

टेबलावर यात फक्त संध्याकाळ वाया जाते. गाडीत जोडलं तर प्रकरण गंभीर. चुकीच्या वेगाच्या चिपला इतरांचे धडधाकट मेसेज बिघडलेले वाटतात. ती नियमाप्रमाणे सलग ६ बिटांचा एरर फ्लॅग टाकते आणि चालू मेसेज मोडतो. चुका वाढल्या की ती आपोआप मागे सरते खरी, पण तोवर किती मेसेज पुन्हा पाठवावे लागले असतील?

प्रवासी बसला तर हात लावूच नका. स्वतःच्या गाडीला जोडायचंच असेल, तर आधी क्रिस्टलवरचा आकडा मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. मग लिसन-ओन्ली मोड लावा. त्यात चिप फक्त ऐकते, मेसेज मिळाल्याची पोचसुद्धा देत नाही.