सट्ट्याचा नवा बाजार

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत, आपल्या घरच्या कोंकणीत, आम्हांस विचारले : "सर, मटक्यात खेळविणारा लुबाडतो हे खरे, पण जेथे मालक पैज लावीतच नाही, माणसे एकमेकांशीच लावतात, तेथे लुबाडणार कोण?" प्रश्न चातुर्याचा होता. तो उपदेशाने झटकून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

सुर्ल्यासारख्या गावास जुगार नवा नव्हे. जत्रेतला गडगडा आणि मटक्याचा आकडा कोणास ठाऊक नाही? मटक्याचा उगमही बाजारातलाच. न्यूयॉर्कहून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या भावावर पूर्वी पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याचा प्रघात पडला.

लंडनमध्ये २००० साली निघालेल्या 'बेटफेअर' कंपनीने शेअरबाजाराची रीत खेळांवरील पैजांना लावली. एक म्हणतो, अमुक संघ जिंकेल. दुसरा म्हणतो, जिंकणार नाही. आपल्याकडील सटोडिये पहिलीस 'लगाई' व दुसरीस 'खाई' म्हणतात. (खाई म्हणजे खोल खंदकही, हे त्यांच्या ध्यानी आले असेल काय?) दोघांचा भाव जुळला की पैज ठरते. सामना रंगेल तसा भाव हलतो, आणि उलट बाजूची पैज लावून मधूनच बाहेरही पडता येते. मालक कोणाचाच पक्ष घेत नाही. तो जिंकणाऱ्याच्या नफ्यातून दलाली कापतो. शेकडा पाच हा 'बेटफेअर'चा पुष्कळ वर्षे चाललेला दर.

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दोन मित्र आयपीएलच्या ७४ सामन्यांवर दर वेळी शंभर रुपयांची, समान भावाची पैज लावतात. दोघेही सारखेच हुशार. ३७ वेळा हा जिंकला, ३७ वेळा तो. प्रत्येक सामन्यास दलाली पाच रुपये. अखेरीस मालकापाशी ३७० रुपये, आणि कोणी कोणास फसविले नसता दोघेही १८५ रुपयांनी हलके!

समोरचा खरोखर मित्र असता तरी एक वेळ चालते. पण तो कोण, हे कळतच नाही. दूरचित्रवाणीवर चेंडू दिसतो तो मैदानात पडल्यावर काही सेकंदांनी. मैदानात बसलेल्या सटोडियास तेवढे सेकंद पुरतात.

आपल्याकडे तर एजंट 'आयडी' देतो, उधारीवर खेळू देतो आणि आठवड्याने वसुलीस येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे. परंतु एजंट ओळखीपाळखीतलाच असला, तर त्याचे नाव सांगणार कोण?

वडीलधाऱ्यांसही विचारावेसे वाटते. बोटींवरील जुगारास १९९६ मध्ये कायद्याने आपल्याच राज्यात वाट मिळाली. मांडवीतले ते दिवे पाहून मुलाने "हे चालते, मग ते का नाही?" असे विचारले, तर आपण काय सांगणार? आमच्यापाशी तरी उत्तर नाही. म्हणून आमचे मत असे की, नीतिपाठापेक्षा गणिताच्या तासाला, शेकडेवारीबरोबरच, हा भाव आणि ही दलाली शिकवावी.

तो विद्यार्थी फळ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग वहीच्या मागच्या पानावर त्याने तोच हिशेब, शंभराच्या जागी पाचशे घालून, पुन्हा मांडला. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.