मंचरच्या रद्दीतलं पुस्तक

मंचरच्या बाजारात मुलासाठी शाळेची जुनी पुस्तकं बघायला गेलो आणि लोणीला परतलो ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊन. पुठ्ठा निसटलेला, कोपरे कसरीने खाल्लेले. आमच्या घरात तुळशीची माळ; ख्रिस्ती बाईचं पुस्तक म्हणजे उपदेश असणार, असं मी धरूनच चाललो होतो. (खोटं कशाला सांगू, पहिली पानं चाळली ती खोट काढायलाच.)

उपदेश कुठला! सुरुवातीलाच भेटले लक्ष्मीबाईंचे सोवळ्याने झपाटलेले वडील, मीठसुद्धा धुऊन घेणारे. एस.टी.त एकटाच हसत होतो.

लक्ष्मीबाईंचे नवरे ना. वा. टिळक, त्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं, डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळून राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट झकासच आहे. मला मात्र धरून ठेवलं ते मागे राहिलेल्या बायकोने. नवरा बाटला म्हणून ती कोसळली, बहिणीच्या आधाराने पंढरपुरात राहिली. पुढे नवऱ्याजवळ आली तरी सोवळं सोडेना. मग एकदा एकटीच विचार करत बसली असताना तिच्या मनात आलं, देवानेच जाती केल्या असत्या तर माणसांच्या घडणीत काही फरक नसता का ठेवला? आधी शिवाशीव सुटली, ख्रिस्त नंतर आला. तिचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. एवढा वेळ घेतलेली, भांडून मिळवलेली श्रद्धा मला आगगाडीतल्या गोष्टीपेक्षा जास्त खरी वाटते.

संध्याकाळी आई बाजरी पाखडत होती, तिला पंढरपूरचा भाग वाचून दाखवला. सूप थांबलं.

"विठोबाच्या दारात राह्यली ना रं ती? मग त्यानं धरून न्हाई ठेवली?"

मला काही सुचेना.

"बरं, पुढचं वाच," आई म्हणाली.

त्या दिवसापासून रोज चार पानं वाचतो आहे. आईला धर्मांतरापेक्षा टिळकांचा विसराळूपणा आणि उधळेपणा जास्त लागला आहे. "असल्या माणसाबरोबर संसार केला बाईनं," असं ती शेजारणीला सांगत होती.

पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आहे. आमचं वाचून झालं की ज्याला हवं त्याने घरी येऊन न्यावं. मधली पानं सुटी झाली आहेत, तेवढी सांभाळा.