महापौरपदाची झूल आणि आपले हक्क



कारध्याच्या एका कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली आणि थोड्याच दिवसांत त्या घरचा कर्ता पुरुष माझ्याकडे सल्ल्याकरिता आला. गावातील काही शहाण्यांनी त्याच्या मनात भय घातले होते. "बौद्ध झालास, आता राखीव जागा विसर. ना सरपंच होशील, ना नगराध्यक्ष, ना महापौर!" तेव्हा कागदोपत्री जुनाच धर्म राहू द्यावा काय, असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न त्या एकट्याचा नाही, म्हणून त्याचे उत्तर आपणां सर्वांसमक्ष देणे मी माझे कर्तव्य समजतो.

हे भय एके काळी निराधार नव्हते. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना त्या यादीबाहेर ठेवले होते. 1956 साली शिखांना तीत स्थान मिळाले, परंतु त्याच साली नागपुरास दीक्षा घेणाऱ्या आपल्या लाखो माणसांना मिळाले नाही. 1962 साली नागपुरातील राखीव जागेवरून श्री. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला होता, एवढ्याच कारणास्तव पंजाबराव विरुद्ध मेश्राम या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्दबातल ठरविली. धम्म हवा तर हक्क सोडा, हक्क हवे तर धम्म लपवा, अशा कात्रीत आपली एक पिढी सापडली होती. तरीही त्या पिढीने धम्म सोडला नाही, हे विसरू नका.

1990 साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला आणि ती कात्री मोडली. पुढे 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामपंचायती व नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या आणि अध्यक्षपदांचेही आरक्षण आले. म्हणून त्या गृहस्थास मी सांगितले, "बाबा, धर्म लपवू नका. तो बौद्ध असाच लिहा. मात्र दाखल्यावर पूर्वीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख अवश्य असू द्या, कारण यादीत जातींची नावे आहेत, 'बौद्ध' हे जातीचे नाव नाही. आणि जातपडताळणीचे काम उद्यावर टाकू नका." मुदतीत वैधता प्रमाणपत्र न दिल्यामुळे निवडून आलेल्यांची पदे गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी नाहीत.

परंतु एक भ्रम गेला की दुसरा दारात उभाच असतो. आपला मनुष्य महापौर झाला म्हणजे सर्व झाले, असे अनेकांना वाटते. मंत्रालयात सोडत निघते, 'अनुसूचित जाती' अशी चिठ्ठी येते, गुलाल उधळला जातो. नंतर अडीच वर्षे काय घडते? 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्ताच्या हाती दिला आहे. मुंबईच्या 1888 च्या कायद्याचीही तीच रीत आहे. आयुक्ताची नेमणूक शासन करते. तिजोरीच्या किल्ल्या प्रशासन व स्थायी समिती यांच्याकडे असतात. महापौराने सभा चालवावी, पाहुण्यांचे स्वागत करावे आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणवून घ्यावे. 1998 मध्ये मुंबई व नागपुरात 'मेयर-इन-कौन्सिल'चा प्रयोग झाला, तोही लवकरच गुंडाळला गेला. आणि 2022 नंतर तर कित्येक शहरांत मुदत संपूनही निवडणुका न होता वर्षानुवर्षे प्रशासकच बसला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, ही घटनेची आज्ञा कागदावरच राहिली. झूल घातलेल्या बैलाच्या पाठीवर रेशीम असते, परंतु कासरा दुसऱ्याच्याच हाती असतो!

ठराव आणि अंमल यांतील हे अंतर आपल्या चळवळीने फार पूर्वी पाहिले आहे. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे तर आपल्या बाजूचे. तरीही 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी पाऊल टाकीपर्यंत त्या पाण्यास आपला हात लागला नाही. आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. अखेरचा न्याय उच्च न्यायालयातून मिळावयास 1937 साल उजाडले. सज्जन अध्यक्ष पुरेसा नसतो. त्याच्या पाठीशी जागा समाज लागतो.

आता कारध्याकडे वळू. आपल्याकडे महापौर नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे समजू नका. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला व कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या फुगवट्याने भंडाऱ्याच्या पाण्यापर्यंत त्याचा उपद्रव पोहोचतो. तिकडच्या सभागृहात जे होत नाही, ते इकडच्या घागरीत दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे कार्यकारी अधिकार सरपंचाकडेच असतो. मुंबईच्या महापौरास कायद्याने जे दिले नाही, ते खेड्यातील सरपंचास दिले आहे. म्हणूनच आपल्या माणसाच्या, विशेषतः आपल्या भगिनीच्या, सरपंचपदाभोवती कावा अधिक चालतो. कोरे कागद सहीस येतात, बोलायला दुसराच बसतो, आणि ऐकले नाही तर अविश्वासाचा ठराव येतो.

यात आपलाही दोष आहे, तो स्पष्ट बोलतो. राखीव जागेवर उमेदवार आपला असतो, पण त्याची निवड इतरांच्या मतांवर व पक्षधुरीणांच्या मर्जीवर होते. 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याच्या राखीव जागेवर प्रत्यक्ष बाबासाहेब पराभूत झाले, यापेक्षा मोठा धडा कोणता? जो ताठ, तो पडतो. जो वाकतो, तो निवडून येतो. आणि वाकणाऱ्याच्या मिरवणुकीत आपणच लेझीम खेळतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात, तेथे स्त्रियांसह हजर राहा. ठराव वाचून घ्या, इतिवृत्ताची नक्कल लेखी मागा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी आलेला निधी कोठे खर्च झाला, हे विचारा. आपला सरपंच प्रामाणिक असेल तर अविश्वासाच्या वेळी त्याच्या मागे उभे राहा. नामधारी असेल तर आपला म्हणून त्यास पाठीशी घालू नका.

कारध्याच्या त्या गृहस्थाने अर्जावर धर्म 'बौद्ध' असा लिहिला. धम्माने आपणांस कोणापुढे न वाकण्यास शिकविले. तेच शिक्षण आपल्या प्रतिनिधीकडूनही मागणे, हा आपला हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.